कामकरीण आणि मराठी वाङ्मय

वर्षाअखेरीस घरखर्चाची वही चाळण्याची खोड आम्हांस आहे. यंदा ती चाळीत असता जी गोष्ट ध्यानात आली, तीच प्रस्तुत लेखाचे मूळ होय. वहीत नोंदी अशा होत्या: सुतार, दाराची चौकट, गवंडी, न्हाणीघराची फरशी, रंगारी, दोन खोल्या, गिरणी, दळण. आणि दर महिन्याच्या पहिल्या तारखेस, ओळीने बारा वेळा, एकच शब्द: बाई. ही बाई भांडी घासते, लादी पुसते, धुणे वाळत घालते आणि अडीअडचणीस पोळ्याही लाटते. तिच्या कामांची यादी सुताराच्या कामांहून लांब होईल. परंतु सुताराची नोंद त्याच्या विद्येवरून झाली आणि तिची नोंद केवळ ती स्त्री आहे यावरून झाली. वही आमच्याच हस्ताक्षरातली असल्यामुळे हा दोष दुसऱ्या कोणावर ढकलण्याची सोय नाही.

वाङ्मयास वाहिलेल्या मासिकात घरखर्चाच्या वहीचे काय काम, असे एखादा चोखंदळ वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ज्या भाषेत कथा-कादंबऱ्या लिहिल्या जातात तिच्याच शब्दांनी वह्याही लिहिल्या जातात. आणि वहीत ज्या कामास नाव मिळत नाही, त्यास पुस्तकातही ते सहसा मिळत नाही. स्त्रियांची कामे कोणती, पुरुषांची कोणती, आणि ही वाटणी कोणी केली, हा प्रश्न अर्थशास्त्रज्ञांचा आहे हे खरे. तथापि त्याचा एक पदर भाषेत व साहित्यात गुंतलेला आहे, आणि तो उलगडणे हे टीकाकाराचे काम आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहू. मराठीत ‘ईण’ हा प्रत्यय लागून पुरुषवाचक नामाचे स्त्रीवाचक रूप होते, असे आपण शाळेत शिकलो. परंतु सुतारीण म्हणजे लाकूड तासणारी स्त्री नव्हे. ती सुताराची बायको. लोहारीण ऐरणीवर घण घालीत नाही, सोनारीण मुशीत सोने आटवीत नाही, वकिलीण कोर्टात उभी राहत नाही. येथे प्रत्ययाने धंदा दिला नाही, नाते तेवढे दिले. कुंभारीण माती तुडविते, मळते, मडकी उन्हात मांडते, भाजलेली मडकी डोक्यावरून बाजारात नेते. पण फिरत्या चाकावर हात ठेवण्याचा मान परंपरेने कुंभाराचा. याउलट सुईण, मोलकरीण, स्वयंपाकीण या शब्दांत मात्र काम खरोखरीच त्या स्त्रीचे आहे. म्हणजे ज्या कामास कसब व प्रतिष्ठा आहे असे समाजाने मानले, तेथे स्त्रीवाचक शब्द नात्याचा झाला. आणि जेथे केवळ राबणे आहे असे मानले, तेथे तो कामाचा झाला. सुईणीचे कसब काही थोडे नव्हे; पण ते कसब आहे हे आपण तिच्या हातून ते काम गेल्यावर ओळखू लागलो. स्वयंपाकाचा प्रकार तर आणखी बोलका आहे. घरी रोज रांधते ती गृहिणी, पैसे घेऊन चार घरी रांधते ती स्वयंपाकीण, आणि लग्नकार्यात पाचशे पाने उठवितो तो आचारी. पदार्थ तेच, चूल तीच. परंतु काम जसजसे मोठ्या बिदागीचे होत जाते तसतसे ते पुरुषाच्या हाती जाते.

आता पुस्तके मिटून आमच्या पनवेलच्या रस्त्यावर येऊ. १८५२ साली येथे नगरपालिका झाली आणि २०१६ साली महानगरपालिका. मधल्या काळात खाडीकाठच्या या बाजारपेठेचे शहर झाले. आजूबाजूच्या गावांत भातशेती करणारा आगरी समाज आणि खाडीत जाळे टाकणारा कोळी समाज पिढ्यान्‌पिढ्या नांदत आला. शेतावर नांगर पुरुषाचा आणि लावणी बायकांची. खाडीत व समुद्रात होडी पुरुषाची, आणि बाजारात पाटी कोळणीची. ही वाटणी निसर्गानेच करून दिली, असे आपल्याकडील शहाणी माणसेही सहज बोलून जातात. नांगरास बळ लागते, लावणीस नाजूक हात. हे बोलणाराने आषाढात गुडघाभर चिखलात दिवसभर कंबरेत वाकून एकदा तरी भात लावून पाहावे, म्हणजे नाजूकपणाची कल्पना त्याच्या पाठीतून कायमची निघून जाईल.

निसर्गाचा हा दाखला खोटा आहे, हे सिद्ध करण्यास फार दूर जावयास नको. बैल जाऊन शेतावर यंत्राचा नांगर आला. आता बळ एंजिनाचे आहे. तरी ते चालविणारा पुरुषच. दळणाचे उदाहरण याहून स्पष्ट आहे. शतकानुशतके पहाटे उठून जाते ओढणे हे बायकांचे काम होते. त्यास बळ लागत होते, तरी कोणी ते पुरुषाचे म्हटले नाही. पुढे पिठाची गिरणी आली. जड खुंटा ओढण्याचे श्रम विजेकडे गेले, काम हलके झाले, आणि नेमके त्याच वेळी ते पुरुषाचे झाले. कारण आता त्यास शेराचा दर होता आणि गल्ला होता. शिवणाचेही तेच. घरातले दंड घालणे, गोधडी शिवणे बायकांचे. यंत्र, दुकान आणि मोजपट्टी आली की शिंपी. म्हणून आमचे अनुमान असे आहे की, कामाची वाटणी बळावरून होत नसून यंत्र, रोख पैसा आणि घरापासूनचे अंतर यांवरून होते. कोळणीचा अपवादही या नियमास धरूनच आहे. तिच्या हाती विक्री होती, म्हणून पैशाची पिशवी होती, आणि म्हणूनच तिच्या जिभेस धार व घरात मान होता. यांत्रिक बोटी आल्या, बंदरावर ढिगाने मासळी उतरून मोठ्या व्यापाऱ्यांच्या लिलावात जाऊ लागली, तसतशी तिची पाटी लहान होत गेली.

१९७० साली सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या मुंबईसाठी घेण्याचे ठरले. १९८४ च्या जानेवारीत दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जासई परिसरात जो लढा झाला त्यात पाच शेतकरी हुतात्मे झाले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क भूमिपुत्रांस मिळाला. हा इतिहास आमच्या भागात मुलांनाही पाठ आहे. परंतु भूमिपुत्र या शब्दात भूमिकन्या कोठे आहे, हे आम्ही क्वचितच विचारतो. सातबाऱ्यावर नाव बहुधा पुरुषाचे. म्हणून मोबदला आला तो जमिनीच्या मालकास. लावणी करणारीचा हंगाम बुडाला, त्याची गणती कोणत्या स्तंभात करावयाची, हे कोणत्याही दप्तरात लिहिलेले नव्हते. ज्या कामास धंद्याचे नाव नाही, ते काम गेले तरी बेकारी झाली असे कोणी म्हणत नाही.

शेते गेल्यावर जे शहर उभे राहिले, त्यातही वाटणी जुन्याच रेषेवर झाली. मजुरांच्या नाक्यावर सकाळी उभे राहिले तर गवंडी पुरुष, बिगारी पुरुष, आणि घमेले डोक्यावर घेऊन चढणारी बाई. बिगारी चार वर्षांनी गवंडी होतो, कारण थापी त्याच्या हाती केव्हा तरी दिली जाते. बाई वीस वर्षे घमेलेच उचलते. थापी तिच्या हाती कोणी देत नाही. मजुरीतील फरक हा या वाटणीचा परिणाम आहे. समान कामास समान वेतन हा १९७६ चा कायदा तिच्या उपयोगी पडला नाही, कारण तिला समान काम मिळतच नव्हते. डोक्यावरच्या ओझ्याचेही असेच. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ साली कायदा केला. अण्णासाहेब पाटील यांच्या संघटनेच्या बळावर ओझे वाहणाऱ्या हमालास मंडळ मिळाले, भविष्यनिर्वाह निधी मिळाला. कळंबोलीच्या लोखंड बाजारात आज तो हक्काने काम करतो, याचा आम्हांस अभिमान आहे. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा व्हावयास मात्र २००८ साल उजाडावे लागले. दोन कायद्यांमधील ही एकूणचाळीस वर्षे म्हणजे आमच्या वहीतील ‘बाई’ या शब्दाची लांबी होय.

संघटित धंद्यांत तरी वेगळे होते काय? मुंबईच्या कापडगिरण्यांत विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कामकऱ्यांपैकी सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पण त्या बहुतेक वाइंडिंग व रीलिंग या दोन खात्यांत. मागावर पुरुष. बायकांच्या खात्यावर देखरेख करणाऱ्या स्त्रीस नायकीण म्हणत. नाईक म्हणजे पुढारी. आणि नायकीण या शब्दाचा मराठीतील रूढ अर्थ काय, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही. पुढारीपण करणाऱ्या स्त्रीस देण्यासाठी आपल्या भाषेजवळ एवढाच शब्द होता! पुढे १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी ज्याचा हिरिरीने पुरस्कार केला, तो प्रसूतिलाभाचा कायदा १९२९ साली झाला. कायदा न्याय्यच होता. त्याआधीची रात्रीच्या कामावरील बंदीही दयाबुद्धीने घातलेली होती. परंतु स्त्रिया दोनच खात्यांत कोंडलेल्या असल्यामुळे, ती खाती नव्या यंत्रांनी आटली आणि रात्रपाळ्या वाढल्या तेव्हा स्त्रियांना जावयास तिसरी जागा नव्हती. १९३० नंतर त्यांची संख्या उतरत गेली ती गेलीच. ज्यांना सर्व दारे उघडी असतात त्यांना एक दार बंद झाल्याने फारसे बाधत नाही. एकाच दाराने येणारीस तेच दार भिंत होते.

कचेऱ्यांचा दाखला तर आपल्या मध्यम वर्गाच्या उंबरठ्यावरचा आहे. मुंबईतील मॅकिनन मॅकेंझी या जहाज कंपनीत ‘कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर’ असे एक पद होते. पुरुष लघुलेखकांपेक्षा या स्त्रियांना वेतन कमी मिळे. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कंपनीने सांगितले की, या पदावर एकही पुरुष नसल्यामुळे तुलनेचा प्रश्नच उद्भवत नाही! १९८७ साली न्यायालयाने हा युक्तिवाद फेटाळला. काम एकाच स्वरूपाचे असेल तर पदाच्या वेगळ्या नावाने वेतन कमी करता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता. येथे ‘लेडी’ या इंग्रजी शब्दाने नेमके तेच केले जे आमच्या ‘ईण’ने केले होते. आधी वेगळे नाव द्यावयाचे, नंतर नाव वेगळे म्हणून दाम वेगळा द्यावयाचा.

या ठिकाणी आपल्या सुधारकांविषयीही दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे, आणि ते आम्ही कृतज्ञतेने लिहितो. १८४८ साली सावित्रीबाई फुले शिकवावयास उभ्या राहिल्या. १९०९ साली रमाबाई रानड्यांनी पुण्यास सेवासदन काढून अनाथ-विधवांना शिक्षिका व परिचारिका होण्याचा मार्ग मोकळा केला. १९१६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी महिला विद्यापीठ स्थापिले. या थोरांनी बंद भिंतीत दारे पाडली. परंतु त्या दारांवर पाट्या लागल्या: शिकविणे आणि शुश्रूषा. म्हणजे घरात जे विनामूल्य करीत होती तेच बाहेर थोड्या मोलाने करणे. सुधारकांना तेवढ्यावर थांबावयाचे होते असे नाही. त्यांना समाजाची समजूत घालावयाची होती, आणि ‘हे तर मातेचेच काम’ ही समजूत सर्वांत लवकर पटणारी होती. ती समजूत मात्र आजपर्यंत टिकली. १९७५ पासून अंगणवाडी सेविका आणि २००५ पासून आशा कार्यकर्त्या गावोगाव काम करीत आहेत. त्यांच्या मिळकतीस वेतन न म्हणता मानधन म्हणतात. मान आणि धन या दोन शब्दांचा एवढा सुंदर समास करून दोन्ही गोष्टी अपुऱ्या देण्याची युक्ती आमच्या भाषेस साधली आहे. अंगणवाडी सेविकांना उपदानाचा, म्हणजे ग्रॅच्युइटीचा, हक्क आहे हे ठरावयास २०२२ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले.

आता साहित्याकडे वळू. राबत्या स्त्रीचे सर्वांत मोठे मराठी वाङ्मय स्वतः राबत्या स्त्रियांनी रचले, ते म्हणजे जात्यावरच्या ओव्या. साने गुरुजींनी १९४० साली ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथात त्या मोठ्या प्रेमाने एकत्र केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हां यांनी खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. या ओव्यांवर आपल्या टीकाकारांनी जे लिहिले त्यात मातृप्रेम, माहेरची ओढ, भक्ती यांचे विवेचन विपुल आहे. परंतु ही गाणी कामाच्या वेळी, कामाच्या लयीत, काम सह्य व्हावे म्हणून रचली गेली, ही मूळ गोष्ट बहुधा प्रस्तावनेतच आटोपते. नावाड्यांच्या गाण्यास आपण श्रमगीत म्हणतो. ओवीस मात्र आपण हृदयाचा उद्गार म्हणतो. हृदय तर होतेच; पण दंडही होते, आणि ते दुखत होते.

शिकलेल्या स्त्रीच्या नोकरीचे चित्र प्रथम धीटपणे काढले ते विभावरी शिरूरकरांनी. ‘कळ्यांचे निःश्वास’ १९३३ साली निघाले तेव्हा महाराष्ट्रात गदारोळ उडाला, आणि टोपणनावामागे कोण आहे याचीच चर्चा अधिक झाली. मालतीबाई बेडेकर स्वतः शिक्षिका होत्या. मिळवती झालेली मुलगी घरास हवीशी वाटते, पण तिचा संसार लांबणीवर पडतो, हे दुःख त्यांनी मांडले. त्या काळच्या टीकाकारांनी हे पुस्तक प्रेम व नीती यांच्या तराजूत घातले. आमच्या मते त्याची खरी नवी गोष्ट पगार ही होती. पगार आला की घरातील सर्व नाती किंचित सरकतात, हे या लेखिकेने ओळखले होते. मात्र तिच्या जगात स्त्रीच्या नोकरीची जागा फार अरुंद आहे, आणि त्या अरुंदपणाविषयी त्या कथांत विषाद असला तरी प्रश्न विचारलेला क्वचितच आढळतो. हा लेखिकेचा दोष म्हणण्यापेक्षा त्या काळाची मर्यादा म्हणणे न्यायाचे होईल.

तो प्रश्न उर्मिला पवार यांच्या ‘आयदान’मध्ये (२००३) येतो. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या वस्तू: सूप, टोपली, रोवळी. रत्नागिरीजवळच्या खेड्यात लेखिकेची आई वैधव्य आल्यावर आयदाने विणून मुलांना वाढविते. पुस्तकाच्या आरंभीच डोंगर उतरून ओझी घेऊन बाजारास निघालेल्या बायांचा तांडा आहे. कोकणात हे विणकाम कोणत्या जातीने करावयाचे हेही ठरलेले होते. म्हणजे येथे जात आणि स्त्रीत्व अशा दुहेरी कुंपणात काम उभे आहे. मुलगी शिकते, सरकारी कचेरीत नोकरी करते, लेखिका होते. आणि तरीही घर सांभाळणे हे तिच्याच वाट्याचे राहते. आईचे विणणे आणि आपले लिहिणे यांत लेखिकेने नाते जोडले आहे, ते अस्सल आहे. आमची तक्रार आहे ती टीकाकारांविषयी. आयदान हाती येताच त्याचे रूपक करण्याची त्यांना घाई होते. विणीचे सौंदर्य ते सांगतात. परंतु बांबूची कामटी बोटात शिरते, टोपलीचा भाव घेणारा ठरवितो, विणणारी ठरवीत नाही, हे वाचताना त्यांची दृष्टी झरझर पुढे जाते. आधी टोपली टोपली म्हणून पाहिली पाहिजे. मग तिचे खुशाल प्रतीक करावे.

आमच्यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. कलाकृतीकडून मजुरीचा हिशेब मागणे म्हणजे साहित्यास प्रचाराच्या जात्यास जुंपणे नव्हे काय? आम्ही तसे मागत नाही. कष्टाळू माउलीचे कौतुक ज्या कथांत ओथंबून वाहते, त्या कथांत प्रचार आधीपासूनच आहे, एवढेच आमचे म्हणणे. कष्टास पूज्य म्हटले की त्याचा दर विचारणे अशिष्ट ठरते. आमच्या पिढ्यांनी आईवर जेवढ्या कविता लिहिल्या, त्यांतील किती कवींना आई दिवसाकाठी किती तास उभी असे हे ठाऊक होते? आपल्या कथांतील पुरुष गिरणीत, कचेरीत, शेतावर नेमके काय करतो हे लेखक तपशिलाने सांगतो; स्त्री मात्र ‘घरकाम आवरून’ येते. त्या दोन शब्दांत तिचे आठ तास जातात. तपशील हा कलेचा प्राण आहे असे आपण मानतो, मग येथेच तो का आटावा? ही मागणी अर्थशास्त्राची नसून कलेचीच आहे.

आशेस जागा नाही असे मात्र नव्हे. मास्तरीण हा शब्द घ्या. एके काळी तो मास्तरांच्या बायकोचा वाचक होता. स्त्रिया शाळेत शिकवू लागल्या आणि कोणी ठराव न करताच त्याच शब्दाचा अर्थ शिकविणारी स्त्री असा झाला. डॉक्टरीणबाईंचेही तसेच झाले. म्हणजे भाषा हट्टी आहे, पण आंधळी नाही. हातात काम आलेले दिसले की ती आपला अर्थ बदलते. २०२५ च्या ऑक्टोबरात आमच्या दाराशी नव्या विमानतळाचे उद्घाटन झाले. तेथे कोणाच्या हाती झाडू येतो आणि कोणाच्या हाती यंत्राची कळ येते, यावरून पुढल्या पिढीच्या शब्दकोशातील पुष्कळ अर्थ ठरणार आहेत. पनवेलच्या मुली आज तंत्रनिकेतनांत शिकत आहेत. त्यांच्यासाठी गवंडी, सुतार, यंत्रचालक हे शब्द नात्याचे न राहता कामाचे व्हावेत, अशी इच्छा करणे अतिरेकी ठरू नये.

तोवर आम्ही आमच्यापुरती एक दुरुस्ती केली आहे. नव्या वर्षाच्या वहीत ‘बाई’ ही नोंद नाही. तिचे नाव आहे, त्यापुढे तिची चारही कामे निरनिराळी लिहिली आहेत, आणि प्रत्येकापुढे दर. बेरीज करून पाहिली, तेव्हा आम्ही तिला आजवर एका कामाचे मोल कमी देत होतो असे दिसून आले. तो फरक आता देऊ लागलो आहोत. मागील वर्षांचा हिशेब मात्र अजून आमच्याकडे बाकीच आहे.